सोनकी : एका फुलातील अनेक फुले



श्रावण सरता सरता पुण्याहून सिंहगडावर चढणाऱ्या मनुष्यास वाटेच्या दोन्ही अंगांस जी पिवळीधमक फुले दिसू लागतात, त्यांस सोनकी म्हणतात, हे मावळातील कोणत्याही गुराख्यास ठाऊक असते. भाद्रपदात गौरी-गणपतीच्या सुमारास तर डोंगराचे उतारच्या उतार तिने भरून जातात. त्या भागातील शाळांत येणारी मुले वाटेवर ही फुले मूठमूठ खुडतात आणि गुरुजींच्या किंवा बाईंच्या टेबलावर आणून ठेवतात. पुढे त्यांचे काय होते ? बहुधा ती पाण्याच्या तांब्यात जातात, दुपारपर्यंत माना टाकतात आणि संध्याकाळी केराबरोबर बाहेर पडतात. वर्गात 'फुलाचे भाग' हा पाठ त्याच आठवड्यात चाललेला असला, तरी तो जास्वंदीवर चालतो.

जास्वंद निवडण्यात शिक्षकाची चूक नाही. तिचे सर्व भाग ठळक आहेत. खाली हिरवी निदले, त्यांच्या आत पाच पाकळ्या, मधून निघालेली पुंकेसरांची नळी आणि तिच्या टोकाशी कुक्षी. शेवटच्या बाकावरील मुलासही ते दिसतात. अडचण उत्पन्न होते ती पुढच्या पायरीवर. जास्वंदीवर शिकलेले भाग मूल आपल्या हातातील सोनकीला लावू पाहते. खालचा हिरवा पेला म्हणजे निदले, भोवतालची पिवळी जिभली म्हणजे पाकळ्या, मधली पिवळी गादी म्हणजे केसर, असा हिशेब त्याला सहज जुळतो, आणि अनेक वर्गांत शिक्षकही त्यास मान डोलावतात. हा हिशेब तीनही ठिकाणी चुकलेला आहे.

एखादे चौकस मूल तेवढ्यावर थांबत नाही. ते सोनकीची एक 'पाकळी' अलगद उपटते आणि तिच्या बुडाशी बारीक बी आणि एक दुभागलेला धागा त्याला दिसतो. ते विचारते, "गुरुजी, पाकळीला बी कसे ?" या प्रश्नाला "पाकळीला बी नसते, नीट पाहा," असे उत्तर मिळाले, तर त्या क्षणी वनस्पतिशास्त्रापेक्षा मोठी हानी होते. मुलाने नीटच पाहिलेले असते. त्याच्या डोळ्यांनी सांगितलेले खरे असून पाठात शिकलेले अपुरे असते, आणि शिक्षकाच्या अधिकाराने अपुऱ्याचा जय होतो. पुढच्या वेळी ते मूल पाकळी उपटून पाहील, याचा भरवसा राहत नाही.

त्या मुलास द्यावयाचे खरे उत्तर असे आहे की, सोनकीचे एक फूल हे एक फूल नव्हेच. तो पुष्कळ लहान फुलांचा एकत्र बांधलेला गुच्छ आहे. वनस्पतिशास्त्रात त्यास स्तबक म्हणतात आणि त्यातील प्रत्येक लहान फुलास पुष्पक म्हणतात. ही गोष्ट वर्गात सिद्ध करून दाखविण्यास प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. दाढीच्या पात्याने शिक्षकांनी स्वतः एक स्तबक वरून खाली मधोमध चिरावे. पाते मुलांच्या हाती देऊ नये. चिरलेला अर्धा भाग पांढऱ्या कागदावर ठेवून बाभळीच्या काट्याने एकेक पुष्पक सुटे करावे. शाळेत भिंग असल्यास उत्तमच. नसल्यास तीक्ष्ण नजरेची दोन मुले पुढे बोलवावीत.

सुटी झालेली पुष्पके दोन प्रकारची आढळतात. कडेच्या ओळीतील पुष्पकास एक लांब पिवळी जीभ असते. तीच आतापर्यंत पाकळी समजली गेली. परंतु ही जीभ म्हणजे त्या चिमुकल्या फुलाचा संपूर्ण दलपुंज आहे. मूळच्या पाकळ्या एकमेकींस जोडल्या जाऊन एका बाजूस ओढल्या गेल्या आहेत. जिभेच्या टोकाशी बारीक दाते असतात, ते या जोडणीची खूण होत. या पुष्पकात पुंकेसर नसतात, स्त्रीकेसर मात्र असतो. त्यास किरण-पुष्पक म्हणतात. मधल्या गादीतील पुष्पके नळीसारखी असून त्यांचे तोंड पाच लहान पाळ्यांत उमललेले असते. त्यांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. त्यांस बिंब-पुष्पके म्हणतात. सर्वांची अंडाशये तळाशी असून प्रत्येकात एकच बीजांड असते. खालचा हिरवा पेला ही निदले नसून सबंध गुच्छाभोवतीचे कुंपण आहे. त्याच्या लहान पानांस छदे म्हणतात. मग खरी निदले कोठे गेली ? प्रत्येक अंडाशयाच्या माथ्यावर पांढऱ्या रेशमी केसांचा जो झुबका दिसतो, तेच निदलांचे बदललेले रूप होय.

बिंब-पुष्पकातील परागाची व्यवस्था विशेष पाहण्यासारखी आहे. पाच पुंकेसरांचे परागकोष एकमेकांस चिकटून त्यांची एक नळी बनते आणि पराग या नळीच्या आतल्या अंगास सांडतो. मधून कुक्षीवृंत वाढू लागतो. पिचकारीचा दांडा जसा पाणी पुढे ढकलतो, तसा तो नळीतील पराग वर लोटून बाहेर काढतो. त्या वेळी त्याची टोके मिटलेली असल्याने स्वतःच्या परागाचा त्यास उपयोग नसतो. पराग माशा आणि मधमाश्या घेऊन गेल्यावर टोक दुभागते, दोन शाखा बाहेर वळतात आणि दुसरीकडून आलेला पराग स्वीकारतात. मुलाने जो दुभागलेला धागा पाहिला होता, तो हाच. किरण-पुष्पकात पुंकेसर नसल्यामुळे तो उघडाच दिसला. गादीतील सर्व पुष्पके एकाच दिवशी उमलत नाहीत. कडेची आधी उमलतात आणि उमलण्याचे वर्तुळ दिवसादिवसाने आत सरकत जाते. म्हणून एकाच स्तबकात बाहेर दुभागलेल्या कुक्षी, त्यांच्या आत परागाने माखलेली टोके आणि मध्यभागी मिटलेल्या कळ्या, असा तीन वयांचा मेळा एका वेळी पाहावयास मिळतो. कळीपासून कुक्षीपर्यंतचा सर्व क्रम एका तासात दाखविता यावा, ही सोय जास्वंदीत नाही.

अशी रचना असणाऱ्या सर्व वनस्पतींचे एक कुल मानले आहे. त्याचे जुने नाव कंपॉझिटी, म्हणजे 'एकत्र रचलेली', आणि नवे नाव ॲस्टरेसी. दोन्ही नावे शास्त्रास मान्य आहेत. मराठीत त्यास सूर्यफूल कुल म्हणतात. सपुष्प वनस्पतींच्या अतिविशाल कुलांपैकी हे एक असून त्यात २५,००० हून अधिक जाती गणल्या जातात. खेड्यातील शिक्षकास ते परके नाही. देवाला वाहावयाचा झेंडू आणि शेवंती, शेतातील करडई, सूर्यफूल आणि खुरासणी, ओढ्याकाठचा माका, शाळेच्या भिंतीशी उगवणारी एकदांडी, ही सर्व त्याच घरची मंडळी होत.

या मंडळींची ओळख पटविताना एका प्रश्नाचा फार उपयोग होतो : गुच्छातील कोणत्या पुष्पकांना बी धरते ? सूर्यफुलाच्या कडेची मोठी पिवळी पुष्पके वांझ असतात. ती केवळ कीटकांस बोलावण्याचे काम करतात आणि तेलाचे सर्व बी मधल्या गादीत भरते. सोनकीत कडेच्या आणि मधल्या, दोन्ही पुष्पकांना बी धरते. गाजर गवतात याच्या उलट प्रकार दिसतो. त्याच्या इवल्याशा पांढऱ्या स्तबकात कडेला केवळ पाच पुष्पके असतात आणि फळ धरते ते त्या पाचांनाच. मधली सर्व पुष्पके पराग देऊन गळून जातात. दुरून पाहता हे तिन्ही गुच्छ एकाच साच्याचे, परंतु आतील कामाची वाटणी तीन तऱ्हांची.

स्वीडनचा शास्त्रज्ञ लिनीअस याने अठराव्या शतकात नेमका हाच प्रश्न धरून या वनस्पतींचे गट पाडले होते. परागकोष जुळलेल्या वनस्पतींचा त्याने एकोणिसावा वर्ग केला. मधली पुष्पके फलद्रूप असताना कडेचीही फळ देतात, त्या गटास त्याने 'अधिक' अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले ; कडेची वांझ असतात त्या गटास 'व्यर्थ' म्हटले ; आणि केवळ कडेची फळतात त्या गटास 'आवश्यक' म्हटले. सोनकीचा वंश 'अधिक' मध्ये आला आणि सूर्यफूल 'व्यर्थ' मध्ये. सूर्यफुलाच्या कडेच्या पुष्पकांस व्यर्थ म्हणणे अन्यायाचे आहे, कारण त्यांच्या बोलावण्यावाचून मधली घरे भरण्यास अडचण पडली असती. लिनीअसची ही वर्गवारी पुढे मागे पडली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील कासिनी याने कुक्षीच्या शाखा, परागकोष, छदे अशा अनेक लक्षणांचा एकत्र विचार करून या कुलाचे उपविभाग पाडले आणि आजच्या वर्गीकरणाचा पाया त्याच दृष्टीने घातला गेला. एका लक्षणावर भिस्त ठेवली की नातलग दुरावतात आणि परके जवळ येतात, हे वनस्पतिशास्त्रज्ञांस यातून उमगले.

सोनकीच्या वंशाचे शास्त्रीय नाव सेनेसिओ. ते लिनीअसने १७५३ च्या ग्रंथात घेतले असले, तरी शब्द पुरातन आहे. लॅटिनमध्ये 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा. बी पिकल्यावर स्तबकावर जे पांढरे केस पिंजारतात, त्यांवरून हे नाव पडले. आपल्याकडे रुईचे केसाळ बी वाऱ्यावर तरंगत आले की मुले 'म्हातारी, म्हातारी' म्हणून त्याच्यामागे धावतात. रोमन लोकांस जे सुचले तेच मावळातील पोरांस सुचले. शास्त्रीय नाव जड वाटते अशी तक्रार करणाऱ्या वर्गात एवढे सांगितले तरी नाव लक्षात राहते. मात्र सोनकीचे केस आणि रुईचे केस यांचे मूळ भिन्न आहे, हेही सांगून टाकावे. सोनकीचे केस निदलांपासून झालेले असून फळाच्या माथ्यावर असतात. रुईचे फळ उकलल्यावर आतील बियांवर केस दिसतात. दिसण्यात साम्य, परंतु नाते नाही.

सेनेसिओ हा जगातील फार मोठ्या वंशांपैकी एक आहे. एके काळी त्यात इतक्या निरनिराळ्या वनस्पती घातल्या गेल्या होत्या की त्याचे स्वरूप अडगळीच्या खोलीसारखे झाले होते. अलीकडे त्यातील अनेक गट काढून स्वतंत्र वंश केले गेले, तरीही हजारावर जाती त्यात शिल्लक आहेत. वंशाची ओळख पटविणारी एक खूण शिक्षकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. सेनेसिओची मुख्य छदे सारख्या उंचीची असून एकाच ओळीत उभी असतात, आणि त्यांच्या बुडाशी बहुधा काही अगदी आखूड छदे असतात. सूर्यफुलाची छदे कौलांप्रमाणे एकावर एक अनेक ओळींत बसलेली असतात. फूल उलटे धरून पाहण्याची सवय मुलांस लागली, तर या कुलातील निम्मी ओळख तेथेच होते.

आता सिंहगडावरील सोनकीच्या नावाची कथा. मुंबईस टपाल खात्यात जॉन ग्रॅहॅम नावाचे एक अधिकारी होते. नोकरी सांभाळून त्यांनी मुंबई व आसपासच्या वनस्पतींची यादी तयार केली. १८३९ साली ती पुस्तकरूपाने आली, परंतु पुरी झालेली पाहण्यास ते राहिले नाहीत. त्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला. पुढे १८८१ साली जोसेफ हूकर यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात या सोनकीस सेनेसिओ ग्रॅहॅमाय असे नाव दिले. नाव रूढ झाले. परंतु वनस्पतींच्या नामकरणाचा असा दंडक आहे की, एका वंशात एकच नाव दोन जातींस देता येत नाही, आणि ज्यास ते आधी दिले गेले त्याचा त्यावर हक्क राहतो. बेंथॅम या शास्त्रज्ञाने हूकरच्या पूर्वीच एका निराळ्या परदेशी वनस्पतीस हेच नाव दिलेले होते. सबब विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न. प. बालकृष्णन यांनी सोनकीस सेनेसिओ बाँबेएन्सिस हे नवे नाव दिले. एका गावात दोन जणांस एकच नाव व आडनाव असले म्हणजे टपालाचा जसा घोटाळा होतो, तसाच हा प्रकार. टपाल खात्यातील ग्रॅहॅमसाहेबांच्या नावावरच तो ओढवावा, हा योगायोग. इंग्रजी बोलीनावात त्यांचे नाव आजही या फुलाशी जोडलेले आहे.

पुण्याच्या परिसराचा ठसा या वंशावर अन्य रीतीनेही उमटला आहे. एकोणिसाव्या शतकात दापोडी येथे सरकारी वनस्पतिउद्यान होते, आणि जुन्नरजवळ हिवरे येथे त्याला जोडलेली दुसरी बाग होती. अलेक्झांडर गिब्सन हे डॉक्टर त्यांची देखरेख करीत. गिब्सन व डॅल्झेल यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ साली निघाला. सोनकीच्या भावंडांपैकी एकीचे नाव सेनेसिओ गिब्सनाय, दुसरीचे सेनेसिओ डॅल्झेलाय आणि तिसरीचे सेनेसिओ हेव्रेन्सिस आहे. या तिसऱ्या नावातील 'हेव्रा' म्हणजे इंग्रजांच्या लेखणीतून उतरलेले हिवरे होय. जुन्नर भागातील शिक्षकांनी हे मुलांस आवर्जून सांगावे. पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध केला. १९५५ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यात सुरू झाले. तेथील शुष्कसंग्रहात वाळवलेल्या वनस्पती कागदावर चिकटवून, कोठे व केव्हा सापडली याच्या चिठीसह, जपून ठेवलेल्या आहेत.

याच केंद्राच्या आरंभीच्या काळात, १९५६ साली, आर. एस. राव यांनी पुण्यात आढळलेल्या एका अनोळखी वनस्पतीची भारतातील नवी नोंद म्हणून टिपण प्रसिद्ध केले. ती वनस्पती म्हणजे आज गावोगाव पडीक जमिनी व्यापून बसलेले गाजर गवत. मूळची अमेरिकेकडील, कुल सोनकीचेच. तिच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेस खाज व चट्टे उठतात आणि परागामुळे श्वासाचा त्रासही होतो. सबब ती वर्गात आणू नये. फळ्यावर चित्र काढून पाच कडेच्या पुष्पकांची गोष्ट सांगावी. सोनकी हाताळण्यास हरकत नाही, परंतु ती चाखू मात्र देऊ नये. सेनेसिओ वंशातील अनेक जातींत यकृतास अपाय करणारी द्रव्ये असतात.

रंगावरून नाव ठेवण्याची सवय मोडणे हे सर्वांत अवघड काम आहे. पावसाळ्याच्या अखेरीस डोंगर पिवळा दिसला की सर्वच सोनकी म्हटली जाते. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर सप्टेंबरात पसरणाऱ्या पिवळ्या गालिच्यात मोठा वाटा कवल्याचा असतो. कवला हा हरभरा-वाटाण्याच्या कुलातील. त्याचे फूल खरोखरीच एकेकटे फूल असून त्यास शेंग धरते. दुसरीकडे सोनकडी नावाची वनस्पती सोनकीच्याच कुलातील आहे, परंतु वंश निराळा. पुणे शहराच्या टेकड्यांवर अलीकडे पिवळा-नारिंगी कॉसमॉसही फोफावला आहे. तो मेक्सिकोकडून बागांत आला आणि बागेचे कुंपण ओलांडून बाहेर पडला. तोही याच कुलातील. गुराख्याने या सर्वांस एका नावाने हाक मारली तर त्याचे काही अडत नाही. त्याच्या कामास तेवढे नाव पुरते. शाळेचे काम निराळे आहे. दोन पिवळी फुले मुलांपुढे ठेवून, नावे न सांगता, "ही दोन्ही एका घरची आहेत का, आणि कशावरून ?" एवढे विचारावे आणि उत्तरासाठी दहा मिनिटे थांबावे. ही दहा मिनिटे शिक्षकास फार लांब वाटतात.

एका वर्गास सोनकीची चार-पाच स्तबके पुरतात. झाडे मुळासकट उपटण्याचे कारण नाही. सोनकी वर्षायू आहे. पुढच्या पावसात ती दिसावयाची असेल, तर या वर्षीचे बी जमिनीवर पडले पाहिजे. कासच्या पठारासारख्या संरक्षित ठिकाणाहून तर एकही फूल आणू नये. सहल गेल्यास कागद-पेन्सिल न्यावी आणि चित्र काढावे. चित्र सुबक नसले तरी चालेल, पण कडेची पुष्पके मोजून काढलेली असावीत. निरनिराळ्या मुलांची संख्या निरनिराळी आल्यास कोणाचेही उत्तर खोडू नये. त्यांना पुन्हा झाडाजवळ न्यावे व पुन्हा मोजावयास लावावे. स्तबकागणिक संख्या बदलत असेल तर तीच नोंद वहीत यावी.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरते तेव्हा उतारावरील पिवळा रंग उडालेला असतो आणि सोनकीच्या वाळक्या स्तबकांवर पांढऱ्या म्हाताऱ्या बसलेल्या असतात. ज्या मुलाने भाद्रपदात 'पाकळी'च्या बुडाशी बी पाहिले होते, त्यास त्या वेळी एक स्तबक तोडून आणावयास सांगावे. त्याने ते पांढऱ्या कागदावर झटकून कडेची फळे व मधली फळे वेगळी करावीत आणि त्यांच्यात काही भेद आढळतो का, ते वर्गास सांगावे.